आहारग्रहण विकार, बालकांतील

वयाच्या मानाने अपेक्षित असलेले अन्न पुरेशा प्रमाणात व सुरक्षितपणे तोंडावाटे घेण्यास बालक असमर्थ असणे आणि त्यामुळे त्याची प्रकृती, पोषण, खाण्याचे कौशल्य किंवा कौटुंबिक व्यवहार यांवर अनिष्ट परिणाम होणे, या अवस्थेस बालकांतील आहारग्रहण विकार असे म्हणतात. अन्नाच्या अभावामुळे होणाऱ्या कुपोषणाहून ही अवस्था वेगळी होय. येथे अन्न समोर असते, भरविणारे हातही असतात. परंतु मूल ते घेत नाही किंवा घेऊ शकत नाही. उपचार न झाल्यास या विकाराची परिणती अखेर कुपोषणातच होते [⟶ कुपोषण]. ‘मूल हट्टी आहे’ किंवा ‘आईला भरविता येत नाही’ ही त्याची प्रचलित स्पष्टीकरणे तीव्र स्वरूपाच्या विकारात बहुधा अपुरी व पुष्कळदा चुकीची ठरतात. अशा मुलाच्या नकारामागे सामान्यतः एखादी शारीरिक अडचण, अपुरे राहिलेले कौशल्य अथवा पूर्वानुभवातून जडलेली भीती असते. हे कारण शोधणे हाच उपचाराचा पाया होय.

खाण्याच्या लहानमोठ्या तक्रारी सर्वसाधारण मुलांपैकी सुमारे चतुर्थांश मुलांत केव्हा ना केव्हा आढळतात. विकासात्मक दोष असलेल्या मुलांत हे प्रमाण ८०%पर्यंत असल्याचे मानले जाते. यांतील बहुसंख्य तक्रारी सौम्य असून कालांतराने नाहीशा होतात. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने तीव्र स्वरूपाच्या विकाराचा विचार केला आहे.

आहारग्रहणाचा विकास : खाणे ही उपजत क्रिया आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. गर्भ चौथ्या महिन्याच्या सुमारास गर्भजल गिळू लागतो. परंतु चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भावस्थेच्या ३२ ते ३४ आठवड्यांनंतरच नीट बसू लागतो. त्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकास अंगावर पिणे साधत नाही, याचे कारण हेच. पूर्ण दिवसांच्या अर्भकात ओठांना स्पर्श होताच तोंड वळविणे व चोखणे या प्रतिक्षेपी क्रिया असतात. त्या पहिल्या काही महिन्यांत हळूहळू ओसरतात आणि त्यांची जागा मेंदूच्या नियंत्रणाखालील ऐच्छिक हालचाली घेतात. यापुढील खाणे शिकावे लागते.

चमच्याने दिलेला घास जिभेने बाहेर ढकलण्याची प्रवृत्ती चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान कमी होते. त्यामुळे सहाव्या महिन्यानंतर पूरक आहार सुरू करणे शरीररचनेच्या दृष्टीनेही सयुक्तिक ठरते. उष्टावणाचा संस्कार परंपरेने याच सुमारास केला जातो. सात ते नऊ महिन्यांच्या दरम्यान मूल जिभेने घास बाजूस नेऊन हिरड्यांनी चावू लागते. ब्रिटिश बालरोगतज्ञ रॉनल्ड इलिंगवर्थ व त्यांचे सहकारी लिस्टर यांनी १९६४ मध्ये असे प्रतिपादन केले की, चावण्याचे कौशल्य शिकण्यास एक अनुकूल काळ असतो. त्या काळात घट्ट अन्नाचा परिचय झाला नाही, तर पुढे मूल ते नाकारते. दीर्घ आजारामुळे किंवा अपघाताच्या भीतीमुळे वर्षानंतरही केवळ दुधावर वा पातळ पेजेवर ठेवलेल्या मुलांत याचा प्रत्यय येतो.

गिळण्याची क्रिया दिसते तेवढी सोपी नाही. मुखातील, ग्रसनीतील व ग्रसिकेतील अशा तिच्या तीन अवस्था असून तीत अनेक स्नायू आणि मस्तिष्क तंत्रिकांच्या १२ जोड्यांपैकी ५ जोड्या भाग घेतात. घास ग्रसनीतून पुढे सरकताना सुमारे एक सेकंद श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते व श्वासनालाचे तोंड झाकले जाते. या क्रमात किंचित चूक झाली, तरी अन्नाचा अंश श्वासमार्गात शिरतो.

संकल्पनेचा इतिहास : मूल खात नाही याचा दोष दीर्घकाळ मातेला देण्यात आला. रेने स्पिट्झ यांनी १९४५ मध्ये संस्थांत वाढणाऱ्या अर्भकांचा अभ्यास प्रसिद्ध करून, मायेच्या सहवासाअभावी मुले खंगतात, हे निदर्शनास आणले. हा शोध महत्त्वाचा होता. परंतु पुढील काही दशकांत वाढ खुंटण्याची ‘शारीरिक’ व ‘अशारीरिक’ अशी सरसकट विभागणी रूढ झाली आणि तपासणीत दोष न सापडलेल्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत मातेच्या वागण्याकडे बोट दाखविले जाऊ लागले. बारकाईने पाहता यांपैकी पुष्कळ मुलांत चोखण्याचे वा चावण्याचे सूक्ष्म दोष आढळले. शिवाय मुलाच्या नकारामुळे आई चिंताग्रस्त होते आणि तिच्या चिंतेमुळे भरविणे ताणाचे होते, म्हणजे कार्यकारणभाव दोन्ही दिशांनी चालतो, हेही स्पष्ट झाले. त्यामुळे ही विभागणी मागे पडली. अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात १९९४ मध्ये बाल्यावस्थेतील आहारग्रहण विकाराचा स्वतंत्र उल्लेख झाला व २०१३ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. २०१९ मध्ये तज्ञांच्या एका गटाने वैद्यकीय, पोषणविषयक, कौशल्यविषयक व मनोसामाजिक अशा चार अंगांची एकत्रित व्याख्या मांडली. तीनुसार असा बिघाड किमान दोन आठवडे टिकल्यास त्यास विकार म्हणतात आणि तीन महिन्यांहून अधिक टिकल्यास तो जीर्ण मानला जातो.

कारणे : (१) रचनेतील दोष : दुभंगलेला ओठ व टाळू यांत तोंडात आवश्यक तो निर्वात दाब निर्माण होत नाही व दूध नाकावाटे येते. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो. ग्रसिकेची जन्मजात अपूर्णता व स्वरयंत्राचा मऊपणा हीही या गटातील कारणे होत. (२) तंत्रिका व स्नायू यांचे दोष : मेंदूच्या इजेमुळे होणाऱ्या प्रमस्तिष्क अंगघातात जबडा, जीभ व मान यांवर ताबा नसतो. डाऊन लक्षणसमूहात स्नायू शिथिल असतात. (३) अन्य आजार : जन्मजात हृद्रोगात मूल पिता पिता दमते व त्याला घाम फुटतो. जठरातील आम्ल पुन्हा वर येण्याच्या विकारात खाणे व वेदना यांची सांगड बसते. गाईच्या दुधाची अधिहृषता (ॲलर्जी), दीर्घकालीन बद्धकोष्ठता, लोहाच्या कमतरतेमुळे होणारा पांडुरोग व अवटू ग्रंथीची मंदता यांतही भूक कमी होते. (४) संवेदनांची विषमता : काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, अन्नाचा विशिष्ट पोत, वास अथवा रंग असह्य होतो, ती मोजकेच पदार्थ खातात. (५) अप्रिय पूर्वानुभव : अतिदक्षता विभागात नलिका घालणे, वारंवार ओकारी येणे, घास अडकून गुदमरणे किंवा बळजबरीने भरविणे यांमुळे चमचा दिसताच मूल तोंड मिटून घेते. एकाच मुलात यांतील दोन-तीन कारणे बहुधा एकत्र आढळतात. मूळ कारण बरे झाल्यावरही भीती मागे राहते.

दुसऱ्या वर्षात भूक मंदावणे हा मात्र विकार नव्हे. जन्मवजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी मात्र वजनात केवळ दोन ते अडीच किग्रॅ.ची भर पडते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. मूल खेळकर असून त्याचे वजन आपल्या रेषेत वाढत असेल, तर चिंतेचे कारण नसते.

धोक्याची लक्षणे : नेहमी चांगले पिणाऱ्या नवजात अर्भकाने दूध ओढणे कमी करणे वा थांबविणे, हे जंतुसंसर्गाचे पहिले लक्षण असू शकते. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातील स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात अर्भके तपासण्याचे जे शिक्षण दिले, त्यात या लक्षणास महत्त्वाचे स्थान होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण सु. ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. थोड्या मोठ्या मुलांत पुढील लक्षणे आढळल्यास वैद्यकीय तपासणी अवश्य करावी : पिताना वा खाताना खोकला, ठसका किंवा ओठ निळसर होणे, खाल्ल्यानंतर आवाज घरघरणारा होणे, पुनःपुन्हा न्यूमोनिया होणे, प्रत्येक जेवणास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, दोन महिने वजन न वाढणे, आणि पूर्वी खात असलेले पदार्थ एकामागून एक सुटत जाणे. अन्न श्वासमार्गात शिरत असूनही काही मुलांना खोकला येत नाही. अशा वेळी वारंवार होणारा न्यूमोनिया हीच एकमेव खूण असते.

निदान : मुलाचे वजन, उंची व दंडाचा घेर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांशी ताडून पाहतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११५ मिमी. हून कमी असल्यास तीव्र कुपोषण मानतात. त्यानंतर तोंड, टाळू, हृदय व तंत्रिका तंत्र यांची तपासणी होते. निदानाचा सर्वांत उपयुक्त भाग मात्र मूल प्रत्यक्ष जेवताना पाहणे हा असतो. त्यात मूल कसे बसते, घास तोंडात किती वेळ घोळवते, कशाला घाबरते व भरविणारी व्यक्ती त्याच्या खुणांना काय प्रतिसाद देते, यांची नोंद करतात. गिळण्याविषयी शंका असल्यास क्ष-किरणांच्या साहाय्याने गिळण्याचे चलच्चित्रण करतात. वाचा व गिलन यांचे तज्ञ, व्यवसायोपचारज्ञ, आहारतज्ञ आणि बालरोगतज्ञ यांनी एकत्रितपणे निर्णय घेणे इष्ट असते.

सक्तीचे परिणाम : मूल खाईना की घरातील मोठी माणसे त्याला पायांवर आडवे घेऊन, हात धरून व प्रसंगी नाक दाबून बोंडल्याने वा वाटीने पाजतात. हेतू मायेचाच असतो. परंतु परिणाम दुहेरी घातक होतो. आडव्या स्थितीत, रडत असताना व श्वासासाठी धडपडत असताना घशात ओतलेला द्रव फुप्फुसात जाण्याचा संभव फार असतो. शिवाय, अन्न म्हणजे गुदमरणे, अशी खूणगाठ मुलाच्या मनात पक्की बसते आणि पुढचा घास अधिक कठीण होतो. मोबाइल वा दूरचित्रवाणी दाखवून नकळत भरविल्याने घास पोटात जातात. पण मूल भूक, चव व तृप्ती ओळखण्यास शिकत नाही. बोंडले हे साधन मुळात वाईट नाही. चोचीची तशीच लहान वाटी ‘पलाडाई’ या नावाने भारतातील नवजात विभागांत कमी वजनाच्या अर्भकांना दूध पाजण्यासाठी वापरली जाते. तेथे अर्भकास जवळजवळ उभे धरून थेंबाथेंबाने, त्याने गिळल्याची खात्री करीत दूध देतात.

पालकांची भूमिका : शिकागो येथील बालरोगतज्ञ क्लारा डेव्हिस यांनी आईचे दूध नुकतेच सुटलेल्या १५ बालकांसमोर ३४ साध्या पदार्थांपैकी निरनिराळे पदार्थ ठेवून त्यांना हवे ते व हवे तेवढे खाऊ दिले. १९२८ पासून प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात परिचारिकांना आग्रह करण्यास मनाई होती. एकेका जेवणात मुलांची निवड विचित्र वाटली, तरी सर्व मुले उत्तम वाढली. यादीतील प्रत्येक पदार्थ सकस होता, यातच या प्रयोगाचे मर्म आहे, असे डेव्हिस यांनी स्वतः दाखवून दिले. अमेरिकन आहारतज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० नंतरच्या दशकात हेच सूत्र जबाबदारीच्या वाटणीच्या रूपाने मांडले : काय, केव्हा व कोठे द्यावयाचे, हे पालकांनी ठरवावे, खावयाचे की नाही व किती, हे मुलाने ठरवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही मुलाच्या खुणा ओळखून, धीराने व सक्ती न करता भरविण्यावर भर दिला आहे.

व्यवहारात याचे पुढील नियम होतात : जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात व दोन वेळांमध्ये अडीच ते तीन तासांचे अंतर असावे. मधल्या काळात पाण्याखेरीज काही देऊ नये. सतत थोडे थोडे दूध वा बिस्किटे दिल्याने भूक मरते. जेवण अर्ध्या तासात आटोपते घ्यावे. मुलास टेकून ताठ बसवावे, पाय लोंबकळू देऊ नयेत, मान किंचित पुढे असावी. घास लहान असावा व पहिला गिळल्यानंतरच दुसरा द्यावा. नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलाला तो १० ते १५ वेळा पाहावा, हाताळावा व चाखावा लागतो. सांडणे, हात बरबटविणे हा शिकण्याचाच भाग होय. मुलाने तोंड फिरविल्यास थांबावे. खाल्ल्याबद्दल बक्षीस व न खाल्ल्याबद्दल शिक्षा, दोन्ही टाळावीत. शक्यतो मुलास कुटुंबाच्या पंगतीतच बसवावे.

ही वाटणी भूक शाबूत असलेल्या मुलांसाठी आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. तीव्र कुपोषणात भूकच नष्ट होते. म्हणून अशा मुलाची प्रथम भुकेची चाचणी घेतात व भूक नसल्यास त्यास रुग्णालयात दाखल करतात. तेथे आरंभी १०० मिलि.मध्ये ७५ कॅलरी असलेले दूध थोडे थोडे, वारंवार देतात व भूक परतल्यावर १०० कॅलरींच्या दुधाकडे वळतात. ‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला अशा मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

आहाराची रचना : कमी खाणाऱ्या मुलाच्या प्रत्येक घासात अधिक पोषण असावे लागते. ५ मिलि. तेलातून सु. ४० कॅलरी मिळतात. म्हणून मऊ खिचडीत वा भाकरीच्या कुस्करीत तूप-तेल, शेंगदाण्याची बारीक पूड किंवा कुस्करलेले अंडे मिसळणे लाभदायक ठरते. नागलीत कॅल्शियम विपुल असते. धान्यास मोड आणून, वाळवून व दळून तयार केलेल्या पिठात अमायलेज हे एंझाइम निर्माण होते व त्यामुळे दाट लापशी पातळ होते; परिणामी तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. बडोदे येथे तारा गोपालदास यांनी या पद्धतीवर महत्त्वाचे संशोधन केले. मात्र ज्या मुलांत पातळ पदार्थ श्वासमार्गात शिरतो, त्यांना हेच पातळ अन्न अपायकारक ठरते. अन्नाचा दाटपणा तज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावा. अखंड शेंगदाणे, फुटाणे व द्राक्षाचे अखंड मणी लहान मुलास देऊ नयेत. एक वर्षाच्या आत मध देऊ नये.

नलिकेद्वारे पोषण : तोंडावाटे पोषण अशक्य वा धोक्याचे असल्यास नाकातून जठरात घातलेल्या नलिकेने अन्न देतात. ही गरज दीर्घकाळ राहणार असल्यास पोटाच्या भित्तीतून थेट जठरात नलिका बसवितात. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडता, ती बसविण्याची पद्धत गॉडरर व पॉन्स्की यांनी अमेरिकेत क्लीव्हलँड येथे शोधून काढली व १९८० मध्ये प्रसिद्ध केली. पुष्कळ कुटुंबांना नलिका हा पराभव वाटतो. वस्तुतः तिच्यामुळे मूल वाचते, वाढते व प्रत्येक जेवण ही जीवनमरणाची झुंज राहत नाही. नलिका असतानाही सुरक्षित असेल तितके तोंडाने चाखणे चालू ठेवावे लागते. अन्यथा तोंडाचा वापर विस्मरणात जाऊन नलिका काढणे कठीण होते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सु. ३५% मुले वयाच्या मानाने खुजी व सु. २५% मुले उंचीच्या मानाने कृश होती. एवढ्या मोठ्या संख्येत आहारग्रहणाचा विकार असलेले मूल सहज झाकले जाते, कारण कृश मूल म्हणजे अन्न न मिळालेले मूल, असे गृहीत धरले जाते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातील धारणीचा समावेश होता. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियानाचा आरंभ झाला, तर आदिवासी क्षेत्रांत २०१५ पासून अमृत आहार योजना राबविण्यात आली. या सर्वांनी अन्न मुलापर्यंत पोहोचविले. तथापि अंडे हाती पडले, तरी ते चावता व गिळता न येणाऱ्या मुलाचा प्रश्न त्यापुढे उरतो.

नाशिक जिल्ह्यातील सटाणा परिसराच्या उदाहरणावरून हा प्रश्न स्पष्ट होईल. आरम नदीकाठचे सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. कांदा, द्राक्षे व डाळिंबे यांचे उत्पन्न घेणारा सधन भाग आणि साल्हेर-मुल्हेरकडचा डोंगराळ आदिवासी भाग एकाच तालुक्यात आहेत. पहिल्या भागातील घरात दूध, तूप, फळे असूनही मूल खंगते, तेव्हा त्याला दृष्ट लागली असे समजून मीठ-मोहऱ्या उतरविल्या जातात. दुसऱ्या भागातील मूल खंगते, तेव्हा दारिद्र्य हेच कारण मानले जाते. दोन्हीकडे, मूल गिळते कसे, हे पाहावयाचे राहून जाते. अंगणवाडीत वजन घेणे व तालुक्याच्या ठिकाणी प्राथमिक तपासणी करून घेणे शक्य असते. परंतु गिलनाची विशेष तपासणी व नियमित उपचार यांसाठी सु. ९० किमी. वरील नाशिक अथवा त्याहून दूरचे मुंबई गाठावे लागते. शेतीच्या हंगामात दर आठवड्यास असा प्रवास करणे बहुतेक कुटुंबांना परवडत नाही व उपचार अर्धवट सुटतात.

ही उणीव भरून काढण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. प्रमस्तिष्क अंगघात झालेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. वाचा व श्रवण तज्ञांच्या शिक्षणासाठी १९८३ मध्ये मुंबईत अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. त्याखाली वैद्यकीय पथके अंगणवाड्या व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात आणि जन्मजात दोष व विकासातील विलंब आढळलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. ‘मूल किती खाते’ यासोबत ‘मूल कसे खाते’ हा प्रश्न अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांनी विचारला, तर अशी मुले पुष्कळ आधी लक्षात येऊ शकतात.

कुटुंबावरील ताण : तीव्र विकार असलेल्या मुलाला भरविण्यात दिवसाचे कित्येक तास जातात. आईची झोप, तिचे काम व इतर मुलांकडील लक्ष यांवर त्याचा परिणाम होतो. अंगणवाडीतील वजनाच्या दिवशी होणारी तुलना व नातेवाइकांचे टोमणे यांमुळे तिची अपराधी भावना बळावते. घरातील प्रत्येकाने वेगळी रीत चालविल्यास मूल गोंधळते. म्हणून आजी, वडील व आई यांनी ठरलेल्या एकाच पद्धतीने भरविणे व पाळी वाटून घेणे आवश्यक असते. सुधारणा महिन्यांच्या, कधी वर्षांच्या मापाने होते. भीती वाटणारा चमचा मुलाने स्वतः हातात घेणे, हीदेखील त्या वाटेवरील मोठी प्रगती असते. बहुसंख्य मुले योग्य उपचारांनी तोंडावाटे पुरेसे खाऊ लागतात. ज्यांना ते साधत नाही, त्यांचेही पोषण व वाढ नलिकेच्या साहाय्याने समाधानकारक राखता येते. दोष कोणाचा, या चर्चेत वेळ न दवडता तपासणी जितकी लवकर होते, तितका परिणाम चांगला मिळतो.